कर्णबधिर बाळ घरात आहे? खुणांची भाषा शिकायला इथून सुरुवात करा

हा लेख आईबाबांसाठी आहेच, पण त्याहून जास्त तो दिवसभर बाळाला सांभाळणाऱ्या आजी, आत्या, काकू, मावशीसाठी आहे. मी आत्या आहे. भाऊ आणि वहिनी दोघंही सकाळी कामावर जातात, त्यामुळे आमचा छोटा दिवसभर कराडजवळच्या आमच्या घरी माझ्याकडे आणि आईकडे असतो. त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही हे समजलं, तेव्हा कागदपत्रं कशी करायची ते सांगणारे पुष्कळ भेटले. पण आज संध्याकाळी घरी गेल्यावर त्याच्याशी बोलायचं कसं, हे कुणी सांगितलं नाही. ते मी इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक सांगते. कानाचं मशीन येऊ दे, दिव्यांग सर्टिफिकेट होऊ दे, शाळेत जाऊ दे, मग बघू, असं करून भाषा लांबवू नका. मूल पहिल्या चार-पाच वर्षांत भाषा जशी उचलतं तशी नंतर उचलत नाही. ती कानावाटे आली काय किंवा डोळ्यांवाटे आली काय, मेंदूला दोन्ही चालतात. काहीच आलं नाही तर मात्र पुढे वाचणं, मोजणं, मनातलं सांगणं, सगळंच जड जातं. दहातली नऊ कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात. त्यामुळे घरात कुणालाच खुणांची भाषा येत नसणं ही काही तुमच्याच घरची गोष्ट नाही. सगळे शून्यापासूनच शिकतात.

१. तपासणी उरकून घ्या

घरच्या घरी थाळी वाजवून बघण्यावर विसंबू नका. मूल थाळीच्या हालचालीकडे वळतं, जमिनीतून आलेल्या धक्क्याने दचकतं, आणि आपण म्हणतो, ऐकू येतंय की! आमच्याकडेही शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगं, त्याचा आजा बी उशिराच बोलला." माया असते त्या बोलण्यात, पण त्यात महिने जातात.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना सांगा. नाहीतर थेट जिल्हा रुग्णालय गाठा. साताऱ्यात ते क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. सांगलीकडच्यांनी सांगली किंवा मिरजेचं सिव्हिल बघावं. तिथे डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या लवकर उपचारांचं केंद्र, कुठे बसतं ते विचारा. ऐकू येतं का ते बघायच्या साधारण दोन तपासण्या होतात, ओएई (कानाच्या आतल्या भागाची) आणि बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का त्याची). बेराच्या वेळी बाळ गाढ झोपलेलं लागतं. म्हणून त्या दिवशी एसटीत त्याला झोपू देऊ नका, नंबर लागायच्या सुमाराला पोटभर पाजा आणि त्याचं नेहमीचं पांघरूण बरोबर ठेवा. बाळ जागं राहिलं तर हेलपाटा वाया जातो.

कानाचं मशीन किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र) सांगितलं तर ते जरूर करा, वेळेत करा. खुणा शिकणं म्हणजे मशीनला नकार देणं नव्हे. पण मशीन आंघोळीला काढावं लागतं, झोपताना काढावं लागतं, सेल संपतो, कान वाहतो. तेव्हाही मुलाला काही सांगायचं असतंच.

इथला सर्वात मोठा खड्डा म्हणजे "खुणा शिकवल्या तर पोर बोलायचंच नाही" हे वाक्य. ते तुम्हाला नातेवाइकांकडून ऐकावं लागेल, कधी जाणकार माणसांकडूनही. खुणांमुळे बोलणं थांबत नाही. ज्या मुलाकडे एक भाषा पक्की आहे, त्याला दुसरी शिकायला आधारच मिळतो.

२. कागद आणि साहित्य

एका प्लास्टिकच्या फाइलीत हे कायमचं ठेवा:

– बाळाचा जन्मदाखला आणि आधार (पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं बालआधार चालतं)
– आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड, पत्त्याचा पुरावा
– बेरा आणि बाकी सगळे रिपोर्ट, मूळ प्रती आणि झेरॉक्स वेगवेगळ्या
– लसीकरणाचं कार्ड, पासपोर्ट फोटो
– आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) यांचा अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांच्या ऐकण्यात ७० डेसिबल (आवाज मोजायचं माप) किंवा जास्त तोटा असेल तर कर्णबधिर धरतात, ६० ते ७० मध्ये असेल तर ऐकण्यास कमी. बहुतेक सवलतींना प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. प्रमाणपत्र मुदतीचं मिळालं तर मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) त्याबद्दल लेखी अर्ज द्या, तोंडी नको.

भाषा शिकायला मात्र साहित्य थोडंच लागतं. इंटरनेट असलेला एक मोबाइल, एक वही, आणि घरच्या माणसांचे, जागांचे, वस्तूंचे छापून घेतलेले फोटो. फोटोंचं महत्त्व पुढे येईल.

३. भाषा भारतीयच निवडा

मोबाइलवर खुणांची भाषा शोधलीत की बहुतेक व्हिडिओ अमेरिकन भाषेचे येतात. दिसायला छान असतात, पण ती वेगळी भाषा आहे. एका हाताने एबीसीडी करून दाखवत असतील तर ओळखा की ते अमेरिकन आहे. आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन्ही हातांनी करतात. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर एका हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेका बोटाच्या टोकाला दुसऱ्या हाताचं बोट लावून दाखवतात. घरी लहान पोराला अमेरिकन खुणा शिकवून ठेवल्या, तर शाळेत गेल्यावर त्याला सगळं पुन्हा शिकावं लागतं.

दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. मोबाइलवर 'आयएसएलआरटीसी' नावाने शोधा. त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर शब्दकोश फुकट आहे. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्द झाले. त्याच वर्षी 'साइन लर्न' हे अ‍ॅपही आलं. शब्द हिंदीतून शोधता येतात, त्यामुळे इंग्रजीची अडचण असलेल्या आजीलाही जमतं. स्वतःहून शिकायचा ऑनलाइन कोर्सही त्यांनी काढला आहे. घरी डिश असेल तर पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांपैकी ३१ क्रमांकाची वाहिनी बघा, ती २०२४ च्या डिसेंबरपासून खास या भाषेसाठी आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून या क्षेत्रात आहे. मोठ्या तपासणीसाठी मुंबईला जाणं झालंच तर तिथे पालकांसाठी काय चालू आहे ते विचारून या.

दिल्लीची खूण आणि साताऱ्यातल्या शाळेतली खूण काही शब्दांना वेगळी निघेल. घाबरू नका, आपल्याकडे बारा कोसांवर बोली बदलते तसंच ते आहे. वाक्य जोडायची पद्धत देशभर बरीचशी सारखी असते. खूण वेगळी दिसली तर दोन्ही वहीत लिहा आणि आसपासचे कर्णबधिर लोक जी वापरतात ती घरात ठेवा.

४. पहिल्या खुणा घरच्या दिवसातून काढा

एबीसीडीपासून सुरू करू नका. दोन वर्षांच्या पोराला अक्षरांचा काय उपयोग? रंग, फळं, प्राणी यांच्या याद्याही नंतर. आधी एक दिवस वही घेऊन बसा आणि सकाळपासून झोपेपर्यंत तुम्ही ऐकणाऱ्या मुलाला काय काय बोलला असता ते लिहा. त्यातून पहिले शब्द आपोआप मिळतील: दूध, पाणी, खायचं, अजून, झालं, हवं, नको, दुखतंय, कुठे, थांब, बाहेर, झोप, आई, बाबा, आजी, मांजर, पाऊस.

काही खुणा आपल्या डोळ्यांना लगेच पटतात. बाईसाठी नाकातल्या चमकीची जागा, पुरुषासाठी मिशी, चांगल्यासाठी अंगठा, वाईटासाठी करंगळी. बाकीच्या शब्दकोशात बघूनच करा, अंदाजाने नको.

रोज दोन-तीनच खुणा घ्या, पण त्या दिवसभर, खऱ्या प्रसंगी वापरा. 'दूध' ही खूण दूध तापत असताना, ओतताना, सांडल्यावर, संपल्यावर करायची. बाळाने ती उलटून करायला पाहिजे असा आग्रह सुरुवातीला धरू नका. बोलणारं मूल वर्षभर ऐकतं आणि मग बोलतं, तसं हेही आधी बघत राहील. पहिल्यांदा करेल तेव्हा खूण अर्धवट, बोबडी असेल. बोटं वळत नाहीत म्हणून मुठीनेच करेल. ती ओळखा, आनंद दाखवा आणि तुम्ही नीट करून दाखवा. त्याचा हात धरून बोटं वळवत बसू नका.

मूल स्वतःच्या काही खुणाही काढतं. आमच्या छोट्याने आजीसाठी चष्मा वर सरकवायची खूण काढली. ती आम्ही तशीच ठेवली, ते तिचं नावच झालं. कर्णबधिर लोकांमध्ये प्रत्येकाला असं खुणेचं नाव असतंच. मुलाला आणि घरातल्या सगळ्यांना ते द्या.

नुसत्या हुकमांवर थांबू नका, हे मी हात जोडून सांगते. ये, बस, खा, नको, मारीन. बऱ्याच घरांत खुणांची गाडी इथेच अडकते. त्या पोराला कुणी 'का' सांगत नाही. भाऊ सकाळी गाडी काढायचा तेव्हा हा दारात लोळण घ्यायचा, कारण बाबा गेला म्हणजे परत येणार की नाही हे त्याला ठाऊकच नव्हतं. ऐकणाऱ्या मुलाला आपण सहज म्हणतो, संध्याकाळी येणार हं बाबा. मग आम्ही दाराशी भाऊ ज्या कंपनीत जातो तिच्या गेटचा फोटो लावला, शेजारी आमच्या घराचा. बाबा, गाडी, काम, मग अंधार, मग बाबा परत. रोज तेच, त्याच क्रमाने, भावाने स्वतः खाली बसून सांगायचं. रडणं लगेच थांबलं नाही, पण पुढे पुढे तो स्वतःच फोटोवर बोट ठेवून 'परत?' असं भुवया उंचावून विचारायला लागला.

५. नजर सांभाळायला शिका

खुणा पाठ करणं सोपं आहे, हे अवघड आहे. ऐकणारं मूल चेंडूकडे बघता बघता तुमचं बोलणं ऐकू शकतं. कर्णबधिर मुलाचे डोळे एका वेळी एकीकडेच असतात, चेंडूकडे किंवा तुमच्या हातांकडे. म्हणून क्रम असा ठेवा: त्याला वस्तू पोटभर बघू द्या, ते वर बघेपर्यंत थांबा, वर बघितलं की खूण करा, मग परत वस्तूकडे जाऊ द्या. थांबणं हेच मुख्य काम. हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवू नका, मग ते मुद्दाम डोळे मिटून घेतं.

हाक मारायची तर खांद्यावर हलकेच थोपटा, नाहीतर त्याच्या नजरेच्या कडेला हात हलवा. दुरून असेल तर दिव्याचं बटण एकदोनदा चालू-बंद करा. सिमेंटच्या फरशीवर पाय आपटून काही पोचत नाही. लाकडी माळ्यावर किंवा पलंगावर थाप मारली तर पोचते. मागून जाऊन एकदम उचलू नका, मूल भेदरतं.

बसायची जागा बघा. खिडकी किंवा दार तुमच्या पाठीशी असेल तर तुमचा चेहरा काळा दिसतो. उजेड तुमच्या तोंडावर हवा. फुलाफुलांच्या गाऊनवर हात नीट दिसत नाहीत, साधा एकरंगी कपडा बरा. संध्याकाळी लाइट गेली की बॅटरी मुलाच्या डोळ्यांवर न मारता स्वतःच्या हातांवर पडेल अशी टेकवून ठेवा.

हात रिकामे नसतात ही सगळ्या बायकांची अडचण. आमची आई भाकरी थापताना छोट्याला समोर, परातीच्या पलीकडे बसवते. पिठाने भरलेल्या हातानेच 'गरम' करते, 'थांब' करते, तव्यावर भाकरी फुगली की 'बघ' करते. पीठ उडतं, उडू दे. एका हाताने कडेवर मूल धरलेलं असेल तर दोन हातांची खूण एकाच हाताने केली तरी त्याला कळते.

६. चेहरा हा अर्धी भाषा आहे

आपल्याला भर माणसांत चेहरा हलवायची लाज वाटते. ती सोडावी लागेल. हो किंवा नाही असं उत्तर हवं असलेल्या प्रश्नाला भुवया वर जातात. भुवया हलल्या नाहीत तर 'दूध हवं?' हा प्रश्न न राहता 'दूध हवं' असं विधान होतं. कुठे, काय, कोण हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात: 'चप्पल कुठे', 'बाबा गेला कुठे'. नकारही शेवटी, मान हलवत: 'दूध नको'. मराठी माणसाला हे जमायला फारसं जड नाही, कारण आपलंही क्रियापद शेवटीच येतं.

तोंडाने पूर्ण मराठी वाक्य आणि त्याच वेळी हातांनी खुणा, असं दोन्ही करायला गेलात की हात मागे पडतात, निम्मे शब्द गळतात, आणि गळलेलं आपल्याला कळतही नाही, कारण आपण स्वतःचं बोलणं ऐकत असतो. बोला, पण एकदा खुणांनी सबंध सांगा, मग तोंडाने सांगा. नुसत्या ओठांवरून ओळखेल ही आशा धरू नका. 'प', 'ब' आणि 'म' ओठांवर एकसारखेच दिसतात.

आणखी एक सवय टाळा. पाहुणे आले की पोराला पुढे उभं करून "दाखव, मांजर कसं करतात?" असं विचारत बसायचं. भाषा ही परीक्षा झाली की मूल तिच्यापासून पळतं.

७. आपसातही खुणा करा

घरात एकट्या आईलाच खुणा येत असतील तर आई ही मुलाची दुभाषी होते आणि बाकी सगळे परके राहतात. ऐकणारी मुलं जेवताना मोठ्यांच्या गप्पा कानावर पडून अर्धं जग शिकतात. कोण आजारी आहे, उसाला तोड कधी आहे, पाहुणे कशाला येणार, भाव किती मिळाला. कर्णबधिर मुलाच्या समोर नुसते ओठ हलत असतात. म्हणून त्याच्याशी बोलायचं नसेल तेव्हाही, त्याच्या देखत, एकमेकांशी जमेल तेवढं खुणांनी बोला. मी आईला 'चहा हवा?' हे आता खुणेनेच विचारते.

पुरुष माणसांना ओढून घ्या. रात्री जेवणानंतर सगळ्यांनी मिळून एक व्हिडिओ बघायचा आणि दुसऱ्या दिवशी तो शब्द वापरायचा, एवढं ठरवलं तरी चालतं. थोरली भावंडं सगळ्यात लवकर शिकतात, मग तीच आपल्याला दुरुस्त करतात. करू द्या. मुलाने विचारलं "काय म्हणतायत ते?" तर "काही नाही, नंतर सांगते" असं त्याला कधी सांगू नका. त्या मुलाने आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा तेच बघितलेलं असतं.

८. काय होणार ते आधी सांगा

सुई टोचायला नेताना, बेंदराला बैल सजवताना, लग्नाला जाताना, मूल अचानक गर्दीत किंवा दवाखान्यात सापडतं आणि थयथयाट करतं. लोक म्हणतात हट्टी आहे. त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. पालच्या खंडोबाच्या यात्रेला न्यायच्या आधी आम्ही मोबाइलवरचे फोटो दाखवले: माणसंच माणसं, पिवळा भंडारा उधळलेला, डोक्यावर, कपड्यांवर, सगळीकडे. 'पिवळं, उडतं, डोळे मिट, आत्या उचलणार, मग घरी.' तिथे भंडारा उधळला गेला तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटले आणि माझ्या गळ्याला धरून हसत बसला. परत आल्यावर तीच गोष्ट त्याने बाबाला खुणांनी सांगितली. अशीच रोजची गोष्टही सांगा. पुस्तक मांडीवर न ठेवता समोर ठेवा, म्हणजे मुलाला चित्र, तुमचे हात आणि चेहरा तिन्ही दिसतात.

९. मोठ्या कर्णबधिर माणसांना भेटवा

ही भाषा खरी कुणाची असेल तर त्यांची. व्हिडिओतून शब्द मिळतात, बोलण्याची लय माणसाकडूनच येते. साताऱ्यात, कराडला, सांगलीत कर्णबधिर माणसं नोकऱ्या करतात, दुकानं चालवतात, त्यांचे संसार आहेत. जवळच्या मूकबधिर शाळेत जाऊन माजी विद्यार्थ्यांची ओळख मागा, त्यांना घरी जेवायला बोलवा. २३ सप्टेंबरला जागतिक सांकेतिक भाषा दिन असतो, त्या सुमाराला शाळांत कार्यक्रम असतात, तिथे मुलाला घेऊन जा. आपल्यासारखंच मोठं माणूस हातांनी बोलतंय हे त्याने बघायला हवं. तुम्हालाही बघायला हवं, पुढची काळजी निम्मी तिथेच हलकी होते. ते वेगाने बोलले आणि समजलं नाही तर 'सावकाश, पुन्हा' असं खुणेने सांगा. आपण शिकतोय म्हटल्यावर ते फार सांभाळून घेतात.

१०. अंगणवाडी आणि शाळा

घरापासून जवळ म्हणून साधी शाळा घ्यायची की मूकबधिर शाळा, हा निर्णय घाईने घेऊ नका. कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळतं, आणि शेजारची शाळा की विशेष शाळा हे निवडायचा हक्क तुमचा आहे. जिल्हा परिषदेकडे मान्यता असलेल्या शाळांची यादी मागा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांचीही गाठ घ्या. शाळा बघायला जाल तेव्हा वर्गात बसायची परवानगी मागा. शिक्षक स्वतः खुणांनी गोष्ट सांगतात की नुसतं फळ्यावरचं उतरवून घेतात? मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांशी कशी बोलतात? शाळेत कर्णबधिर शिक्षक किंवा कर्मचारी आहे का? इमारतीपेक्षा हे बघा.

अंगणवाडीत घालताना सेविकाताईंना एक कागद करून द्या. त्यावर मुलाचं खुणेचं नाव, त्याला येणाऱ्या खुणांची यादी, 'लघवी', 'दुखतंय', 'पाणी' या तीन खुणांचे तुमच्या हाताचे फोटो, हाक मारायची पद्धत, मशीन काढायचं आणि सेल बदलायचं कसं ते, आणि तुमचा नंबर. त्याला दाराकडे पाठ करून बसवू नका, हेही लिहा, म्हणजे कोण आलं-गेलं ते त्याला दिसेल. कागद भिंतीला, ताईंच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवून या. दर महिन्याला नव्या खुणा वाढल्या की तो बदला.